सामोआला निघण्यापूर्वी

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट हे तीन बिंदू नकाशावर जोडले की प्रशांत महासागरात एक प्रचंड त्रिकोण तयार होतो. त्यातल्या बेटांना पॉलिनेशिया म्हणतात. कॅलेंडरवर दिसणारे निळे पाणी, पांढरी वाळू आणि समुद्रावर वाकलेला माड हे चित्र बहुतेकदा इथलेच असते. आपल्याकडून तिकडे जाणारे फार थोडे. गेलेच तर नवविवाहित जोडपी जातात, अशी आपली समजूत. मग रत्नागिरीच्या एका मोठ्या कुटुंबाने अम्मी, सुना, जावई आणि पोराबाळांसह तिकडे जायचा विचार का करावा?

आमचे कारण साधे आहे. धाकटी बहीण ऑकलंडला असते. ती इकडे आली की तिचे सगळे दिवस लग्नकार्यांत आणि भेटीगाठींत संपतात. आम्ही सगळ्यांनी तिकडे जायचे तर प्रत्येकाचा न्यूझीलंडचा व्हिसा काढायचा. तेव्हा दोन्हीकडच्यांनी मध्येच कुठेतरी भेटावे, असे तिच्याच मुलांनी सुचवले. गेले काही महिने त्याची तयारी चालू आहे. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवत आहे. बेट निवडण्यापासून सुरुवात झाली आणि गाडी शेवटी मुलांच्या लसीकरणाच्या कार्डावर येऊन थांबली. ते का, हे पुढे येईलच.

कोणते बेट?

पॉलिनेशिया म्हटले की ताहिती आणि बोरा बोरा आठवतात. ही बेटे फ्रान्सच्या अखत्यारीत आहेत, त्यासाठी तिथला व्हिसा लागतो आणि खर्चही भारी. हवाईला अमेरिकेचा व्हिसा हवा. कुक बेटांवर जाण्याची सोयीची वाट न्यूझीलंडवरून आहे, म्हणजे पुन्हा तिथले कागद आले. सामोआ मात्र स्वतंत्र देश आहे. १ जानेवारी १९६२ रोजी तो न्यूझीलंडपासून स्वतंत्र झाला. भारतीय पासपोर्टवर आगाऊ व्हिसा न काढता तिथे पोहोचल्यावर पर्यटक परवाना मिळतो. परतीचे तिकीट आणि सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा पासपोर्ट जवळ हवा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी ते पुन्हा पाहून घ्यावेत.

वाट अशी: मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर ते फिजीतील नांदी सुमारे दहा तास आणि नांदी ते सामोआची राजधानी आपिया दोन तासांच्या आत. ऑकलंडहून आपिया चार तासांवर आहे. सिंगापूरला सामान उतरवून घ्यावे लागू नये म्हणून शेवटपर्यंतचे एकच तिकीट काढावे.

नांदीला एक-दोन दिवस थांबले तर म्हाताऱ्या माणसांना विसावा मिळतो. तिथे आणखी एक सोय आहे. १८७९ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर फिजीला नेले. त्यांत मुसलमानही होते. आज त्यांची नातवंडे-पतवंडे तिथे आहेत, मशिदी आहेत, हलाल मटण-चिकन सहज मिळते आणि दुकानात हिंदी बोलले तर हिंदीत उत्तर येते. परमुलुखात शिरण्याआधीचा हा ओळखीचा उंबरठा आहे.

सामोआचे क्षेत्रफळ रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश आणि लोकसंख्या सुमारे दोन लाख. उपोलु आणि सावाई ही दोन मोठी बेटे. आपिया आणि बहुतेक वस्ती उपोलुवर आहे. सावाई आकाराने मोठे पण शांत. दोन्हींमध्ये मोठी फेरीबोट चालते, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. दहा दिवस असतील तर सहा उपोलुवर आणि चार सावाईवर ठेवावेत. उपोलुच्या आग्नेय टोकाला लालोमानुचा किनारा आहे आणि दक्षिण बाजूला 'तो सुआ', म्हणजे जमिनीत खोल खचलेला समुद्राच्या पाण्याचा कुंड. लाकडी शिडीने त्यात उतरतात. सावाईवर १९०५ ते १९११ या काळात मातावानु ज्वालामुखीचा लाव्हा वाहत राहिला आणि त्याखाली गावे गाडली गेली. ते काळे रान अजून तसेच आहे. त्याच बेटाच्या दक्षिणेला आलोफाआंगा येथे लाट खडकाखाली शिरते आणि वरच्या भोकांतून उंच कारंजे उडते. मुलांना हे सगळ्यांत आवडेल असे वाटते, पण खडक निसरडे असतात, हात धरूनच न्यावे.

तिथला कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते एप्रिल हे पावसाचे आणि चक्रीवादळांचे महिने. आपली मे महिन्याची सुट्टी बरोबर चांगल्या हवेत पडते.

शुक्रवार नसलेला आठवडा

आंतरराष्ट्रीय वाररेषा सामोआच्या अगदी जवळून जाते. १८९२ साली अमेरिकेशी व्यापार सोपा व्हावा म्हणून सामोआने आपला वार अमेरिकेच्या बाजूला नेला. त्या वर्षी ४ जुलै हा दिवस दोनदा आला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला. सिडनीत सोमवारची कचेरी उघडायची तेव्हा सामोआत रविवार असायचा. म्हणून २०११ च्या शेवटी सामोआ पुन्हा रेषेच्या अलीकडे आला. २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. मधला ३० डिसेंबर हा शुक्रवार होता. त्या आठवड्यात त्या देशात जुम्मा आलाच नाही!

आज सामोआ भारतापेक्षा साडेसात तास पुढे आहे. शेजारचे अमेरिकन सामोआ मात्र रेषेच्या पलीकडे, पूर्ण चोवीस तास मागे. तिकडे फेरी मारायचा बेत असेल तर हॉटेलची तारीख दोनदा तपासावी.

किब्ल्याची दिशा काढायला मुलांना बसवले आणि त्यांना नवल वाटले. मक्केपासून इतक्या दूर, पृथ्वीच्या जवळजवळ पाठीमागच्या बाजूला असूनही आपियाहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो, म्हणजे साधारण आपल्या मुंबईसारखाच. विषुववृत्त जवळ असल्यामुळे दिवस वर्षभर सारखेच असतात, नमाजच्या वेळा फारशा हलत नाहीत. मे-जूनमध्ये सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. प्रवासातील कसर आणि जमाचा मसला घरच्या इमामांकडून आधीच समजून घ्यावा. तिथे मुस्लिमांची संख्या फार थोडी आहे, तेव्हा जानमाज आणि दिशेचे यंत्र बरोबर असलेले बरे.

ताटात काय येईल?

अम्मीची पहिली चिंता हीच होती. ती पुष्कळशी मिटली, कारण सामोआचे स्वयंपाकघर कोकणच्या माणसाला परके नाही. नारळ, केळी, अळकुड्या आणि नीरफणस यांवर ते उभे आहे. अळकुडीच्या जातीच्या मोठ्या कंदाला तिथे 'तालो' म्हणतात, नीरफणसाला 'उलु'. अळूची कोवळी पाने घेऊन त्यांत नारळाचे घट्ट दूध ओतून पुरचुंड्या बांधतात आणि 'उमु'त, म्हणजे तापलेल्या दगडांच्या भट्टीत, भाजतात. त्याचे नाव 'पालुसामी'. आपण अळूची खाज चिंचेने किंवा आमसुलाने मारतो, ते ती सावकाश शिजवून घालवतात. ताजा मासा मुबलक असतो. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात आणि नारळाच्या दुधात मुरवून 'ओका' करतात.

सावधगिरी दोन गोष्टींत हवी. सणासमारंभाच्या उमुत डुक्कर असतेच, आणि पालुसामीत कधीकधी डब्यातले खारवलेले गोमांस घालतात. म्हणून उमुचे जेवण सांगण्याआधी विचारून घ्यावे. फक्त मासे, भाज्या आणि नारळ घालून वेगळे करून द्याल का, असे आदल्या दिवशी नम्रपणे विचारले तर यजमानालाही सोपे जाते. ज्या घरांत स्वयंपाकाची सोय आहे अशी जागा दोन-तीन दिवसांसाठी घेतली की आपिया बाजारातून मासे आणून आपल्या हाताची कढी करता येते. पाहुण्यांच्या स्वागताला 'आवा' नावाचे मुळीचे पेय देतात. ते मद्य नव्हे, पण त्याने अंग सुस्तावते. घ्यायचे की नाही हे कुटुंबाने आधी ठरवावे, आणि नको असेल तर आभार मानून नकार द्यावा.

किनारा कोणाचा?

आपल्याला समुद्रकिनारा सगळ्यांचा वाटतो. सामोआत तसे नाही. देशातील सुमारे ८० टक्के जमीन वडिलोपार्जित सामूहिक हक्काची आहे. ती विकता येत नाही. 'आइंगा' म्हणजे विस्तारित कुटुंब आणि त्याचा प्रमुख 'मताई' ती सांभाळतो. किनारा, धबधबा, गुहा, प्रत्येक जागेला कोणी ना कोणी धनी आहे. किनाऱ्यावर बसायचे तर त्या घरच्या माणसाला विचारून काही ताला, म्हणजे तिथले चलन, द्यावे लागतात. काही प्रवासी त्यावर कुरकुरतात. दुसऱ्याच्या घरात सलाम करून आणि परवानगी मिळाल्यावरच पाऊल टाकावे, हे सूरह नूरमधून शिकलेल्या माणसाला त्यात खटकण्यासारखे काही नाही. सुटे पैसे मात्र खिशात असावेत.

राहण्यासाठी किनाऱ्यावर 'फाले' मिळतात. फाले म्हणजे खांबांवर छप्पर असलेली उघडी झोपडी. भिंती नाहीत, विणलेले पडदे वरून सोडतात. गावातली कुटुंबेच त्या चालवतात, त्यामुळे पैसा गावात राहतो. स्त्रियांना पडद्याची सोय हवी असेल तर काही ठिकाणी बंद खोल्याही असतात, आधी विचारावे. कपड्यांबाबत आपल्या बायकांना अवघडल्यासारखे होणार नाही. गावात उघडे अंग चालत नाही. तिथल्या बायका 'लावालावा' गुंडाळतात आणि पुष्कळ जणी अंगभर कपड्यांतच पोहतात.

सगळ्यांत मनात राहिलेली गोष्ट 'सा'ची. रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी, बऱ्याच गावांत शंख किंवा घंटा वाजते. लोक घरात जातात आणि दहा-वीस मिनिटे कुटुंबाची प्रार्थना होते. हे लोक ख्रिस्ती आहेत, आणि प्रार्थना हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. त्या वेळी रस्त्यावर फिरायचे नाही, गाडीही गावातून न्यायची नाही; तरुण मुले रस्त्याकडेला उभी राहून लक्ष ठेवतात. पुन्हा शंख वाजला की व्यवहार सुरू. ही वेळ साधारण आपल्या मगरिबचीच. म्हणजे तेव्हा आपणही खोलीत असावे, त्यांनी त्यांची प्रार्थना करावी, आपण आपली नमाज पढावी. रविवारी दुकाने बंद असतात, बऱ्याच गावांत पोहणेही चालत नाही. तो दिवस विश्रांतीचा धरूनच बेत आखावा.

पाहुण्याबरोबर काय आले?

सामोआविषयी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या बेटांवरची मोठी संकटे बरेचदा पाहुण्यांबरोबर आली आहेत.

नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. तो सामोआत नव्हता. १९०९ च्या सुमारास सिलोनहून रबराची रोपे आली, त्यांच्याबरोबर तो आला, आणि तिथून पॅसिफिकमधल्या इतर बेटांवरही पसरला. १९९३ मध्ये अळूच्या पानांवरचा करपा सामोआत पोहोचला. तालो हे तिथले रोजचे अन्न आणि परदेशी पाठवायचा मुख्य माल. बघता बघता शेते काळी पडली आणि निर्यात बसली. प्रतिकार करणाऱ्या नव्या जाती तयार व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली.

माणसांची कहाणी याहून दुःखद आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी 'तालुने' नावाची बोट ऑकलंडहून आपियाला लागली. तिच्यावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते. आपल्याकडे त्याच साथीला मानमोडी म्हणत. तेव्हा सामोआ न्यूझीलंडच्या लष्करी अंमलाखाली होता. बोट अलग ठेवली गेली नाही, प्रवासी उतरून गावोगावी गेले. काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे मेली, म्हणजे साधारण पाचातले एक. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणाऱ्या बोटी रोखल्या आणि गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पहारा ठेवला. तिथे या साथीने एकही बळी गेला नाही. मधे फक्त थोडा समुद्र होता. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआची माफी मागितली.

जिथे साथ आहे तिथे जाऊ नका, आणि जिथे आहात तिथे साथ आली तर तिथून निघू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या वर्षी दोन किनाऱ्यांवर काय झाले ते पाहिले की तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आणि ही फक्त शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. २०१८ साली सामोआत दोन बाळे लस टोचल्यानंतर दगावली. लस सदोष नव्हती. ती कालवताना पाण्याऐवजी चुकीचे औषध वापरले गेले होते. पण लसीकरण काही महिने थांबले आणि लोकांचा विश्वास उडाला. २०१९ मध्ये ऑकलंडमध्ये गोवराची साथ होती. तिथून तो एका प्रवाशाबरोबर सामोआत आला. ५,७०० हून अधिक लोकांना लागण झाली, ८३ मृत्यू झाले, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. डिसेंबरमध्ये दोन दिवस सगळा देश बंद ठेवून आरोग्यपथके घरोघर फिरली. ज्या घरात लस न घेतलेले कोणी होते, त्या घरापुढे लाल कापड बांधायला सांगितले होते.

हे वाचून आम्ही थांबलो, कारण गोवर आपल्याला अनोळखी नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, मुले दगावली. या आपल्याच वस्त्या. लस राहून गेलेली मुले तिथे बरीच होती. दाटीवाटीच्या घरांत, रोजंदारी बुडवून दवाखान्यात जाणे न जमणाऱ्या आयांची ती मुले. गोवर हवेतून पसरतो, पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे मूल ठणठणीत दिसते, विमानात खेळते, आणि तरीही आजार वाहून नेत असते. ज्या देशाने ८३ माणसे गमावली, तिथे आपण तो घेऊन गेलो तर?

मग सगळ्या मुलांची कार्डे काढली. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत मिळतो. थोरल्या पुतण्याच्या कार्डावर दुसऱ्या डोसची नोंद नव्हती. डॉक्टरांनी तो देऊन टाकला. ऑकलंडच्या भाच्याला अजून वर्ष पुरे झालेले नाही आणि तिकडे पहिला डोस वर्षाचा झाल्यावर देतात. प्रवास असेल तर सहा महिन्यांनंतर एक जादा डोस आधी देता येतो, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचे ठरले. मोठ्यांपैकी ज्यांना गोवर होऊन गेल्याचे किंवा लस घेतल्याचे नक्की माहीत नव्हते, त्यांनीही डॉक्टरांना विचारले. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. म्हणून तिकिटाची तारीख पक्की करण्याआधी कार्डे पाहावीत.

सामान बांधताना

घरच्या बायकांनी लोणची, सुके बोंबील, घरचा मसाला, मध, आंबे यांची यादी केली होती. ती निम्मी कापावी लागली. फिजी आणि सामोआ दोन्हीकडे विमानतळावर खाण्याच्या, रोपांच्या आणि प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू फॉर्मवर लिहून दाखवाव्या लागतात. ताजी फळे, बिया, मांस, मध हे घरीच ठेवलेले उत्तम. चिखल लागलेली चप्पल, बूट धुऊन वाळवून मगच पिशवीत घालावेत; शेतातली माती त्या देशांत जाऊ नये, हाच हेतू आहे. अळूच्या करप्याची गोष्ट सांगितल्यावर मुलांनी आपापले बूट स्वतः घासले.

बाकी काही छोट्या गोष्टी. सामोआत ७ सप्टेंबर २००९ पासून गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. त्याआधी उजवीकडून चालत. भाड्याची गाडी घेतली तर तिथला तात्पुरता परवाना घ्यावा आणि गावातून सावकाश जावे, कारण रस्त्यावर मुले, कुत्री आणि डुकरे असतात. त्याच महिन्याच्या २९ तारखेला भूकंपानंतर त्सुनामी आली आणि दक्षिण किनाऱ्यावर, लालोमानुकडे, मोठी हानी झाली. देशात १४० हून अधिक माणसे गेली. फालेत उतरल्यावर उंचावर जाण्याची वाट कोणती ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि जमीन जोरात हादरली तर भोंग्याची वाट न पाहता निघावे. फालेत बसताना मांडी घालावी, पाय पसरू नयेत. मोठी माणसे बसलेली असताना उभे राहून बोलू नये. हे आपल्या घरातल्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

आमची तिकिटे अजून काढायची आहेत. पुतण्याच्या दुसऱ्या डोसला दोन आठवडे झाले की ती काढू, इन्शाअल्लाह. भाच्याचा डोसही त्याच सुमारास आहे. वाचकांपैकी कोणी सामोआला, ताहितीला किंवा नुसते शेजारच्या तालुक्यात लहान मुले घेऊन निघाले असेल, तर त्यांनीही एकदा कपाट उघडून ते कार्ड शोधावे. सापडले नाही तर जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. तिथे ही लस मोफत मिळते.